कुमाचा शब्द आणि दोनशे एकोणतीस व्होल्ट

झिवादिन वायरमनला आमच्या नेगोतिन गावातल्या बायका शिष्ट म्हणायच्या. कारण एवढंच, की हा माणूस दुसऱ्याच्या घरी कामाला यायचा आणि डावा हात खिशात घालून काम करायचा. एक हात पँटच्या खिशात, दुसऱ्या हातानं विजेचा बोर्ड उघडतोय, जसा काही फिरायलाच निघालाय. म्हाताऱ्या देसांकानं तर एकदा तोंडावर विचारलं, "का रे, तो हात काय रविवारसाठी राखून ठेवलायस?"

"हा बाहेर असला ना आजी, तर करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. मधे काय लागतं? काळीज. म्हणून खिशात."

"तुला आहे होय काळीज?" देसांका म्हणाली, आणि त्याला कॉफी करायला गेली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण झिवादिनचं मोजणं म्हणजे एक सोहळाच असायचा. पिशवीतून मीटर काढला की आधी त्याच्या दोन्ही वायरी बोटांतून ओढायचा, वाकवून बघायचा, कुठं चीर गेलीय का. मग लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघायचा. अँपिअरच्या भोकात वायर विसरून कुणी प्लगचे व्होल्ट मोजायला गेला, तर मीटर मोजत बसत नाही, शॉर्ट होतो आणि हातात फुटतो, हे तो भेटेल त्याला सांगायचा, मग ऐकणाऱ्याला मीटर कशाशी खातात ते ठाऊक असो की नसो. मग नॉब व्होल्टवर. आणि मग, ज्या तारेसाठी बोलावलंय तिच्याकडे ढुंकूनही न बघता, स्वारी स्वयंपाकघरात. तिथं फ्रिजचा प्लग मोजायचा. दोनशे तीसच्या आसपास आकडा आला की मान हलवायची. त्यानंतर बंद केलेली तार मोजायची. शून्य. की परत फ्रिजकडे.

"अहो मायस्तोर, तो प्लग चांगलाय. मघाशीच बघितलात की!" घरची बाई म्हणायची.

"प्लग नाही बघत. मीटर बघतोय. मधल्या मधे हाच मेला असला तर?"

या खोडीमागं कारण होतं. झिवादिन शिकत होता तेव्हा त्याचा मायस्तोर, म्हणजे उस्ताद, मिलुतिन शिडीवर चढला होता आणि शिडी झिवादिननं धरली होती. मिलुतिननं टेस्टर लावला, दिवा पेटला नाही, म्हणून त्यानं तार हातात घेतली. तार जिवंत होती, टेस्टर मेला होता. मिलुतिन वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि पुढं आयुष्यभर तो डाव्या हातानं सिगारेट पेटवत राहिला. झिवादिननं तेव्हापासून शून्यावरचा विश्वासच सोडला. आकडा दिसला तर आहे म्हणून दिसतो. शून्य दिसलं तर एक तर तार मेलेली असते, नाहीतर मोजणाराच. हे एवढं शहाणपण त्याला तारांच्या बाबतीत होतं. माणसांच्या बाबतीत ते त्यानं कधी वापरलं नाही, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

तो मीटर त्याला रातोमिरनं दिला होता. रातोमिर त्याचा कुम. लग्नात नवऱ्याच्या मागं उभा राहतो तो कुम, पुढं पोर झालं की त्याला नाव देतो तोही कुमच. आमच्याकडे सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातील, पण कुमाशी कुणी आवाज चढवून बोलत नाही. कुम म्हणाला ऊन पडलंय, की आपण छत्री मिटायची. झिवादिनच्या पोरीचं येलिका हे नाव रातोमिरनंच ठेवलेलं.

रातोमिर आणि त्याची बायको स्पासेनिया तरुणपणीच व्हिएन्नाला गेले. तिथं तो इमारतींच्या कामावर तारा ओढायचा. गावात मात्र सगळे त्याला तिकडचा बडा मायस्तोर समजायचे, आणि त्यानंही ते कधी खोडून काढलं नाही. झिवादिनला खरं काय ते माहीत होतं. त्यानंही कधी तोंड उघडलं नाही, एवढं कुमपण त्यानं पाळलं होतं.

एका ऑगस्टात रातोमिरनं गाडीच्या डिकीतून तो पिवळा मीटर काढला, रबरी खोळीत घातलेला, हातात नीट बसेल असा.

"घे. तुझा तो सुईवाला डबा आता संग्रहालयात दे. याला आकडे येतात. चष्मा लागला तरी दिसतील."

"अरे कुम, हे कशाला..."

"गप्प बस. तिकडे आम्ही सगळे हाच वापरतो. वायरींच्या टोकाच्या काड्यांना बघ कडं दिलंय, बोटं त्याच्या मागं ठेवायची. तू ठेवशीलच म्हणा, तू भित्रा आहेस."

झिवादिन त्या मीटरला इतका जपायचा की त्याची बायको ल्युबिंका म्हणायची, "माझ्या अंगठीला तरी एवढं कधी पुसलंस का?" पोरीला हात लावू द्यायचा नाही. बॅटरी मलूल झाली की त्या दिवशी कामाला जायचा नाही, आधी दुकान.

रातोमिरनं गावात घर बांधलं, व्हिएन्नावाल्यांची असतात तसं. दोन मजली, फाटकावर दोन सिंह, वरखाली दोन न्हाणीघरं, आणि वर्षातले अकरा महिने कुलूप. वरच्या मजल्याचं वायरिंग त्यानं सुट्टीत येऊन स्वतःच्या हातानं केलं. झिवादिन मदतीला निघाला तर त्याला फाटकातच अडवलं.

"तू पाहुणा म्हणून यायचं, कुम. हे माझं मी करणार. आयुष्यभर लोकांची घरं उजळली, एक माझं तरी मला करू दे."

झिवादिनला ते समजलं आणि आवडलंही. पण वायरमनच्या पोटात कुठंतरी खुपलंही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पुढं जे झालं त्यात मात्र ते खुपणं बाहेर पडलं असं माझं मत आहे.

घर पुरं झालं तेव्हा रातोमिरनं अख्ख्या गावाला जेवण घातलं. अंगणात तंबू, तुताऱ्यावाले, सळईवर भाजलेली डुकरं, कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या सार्म्याची पातेली. आणि ऐन गर्दीत स्पासेनिया धावत आली, वरचा गिझर पाणी तापवत नाही, व्हिएन्नाहून आलेल्या विहिणीला अंघोळ करायचीय.

रातोमिरनं झिवादिनकडे बघितलं. "कुम, जरा बघतोस?"

"तू बडा मायस्तोर आणि मी बघू?" झिवादिन हसत म्हणाला, पण उठला. तो कुठंही गेला तरी पिशवी गाडीत असायचीच.

वर न्हाणीघराच्या दारात बघता बघता गर्दी जमली. हातात घरच्या दारूचे, राकियाचे पेले घेऊन गावातले बाप्ये उभे राहिले. आमच्याकडे कुणी काही दुरुस्त करत असलं की बाकीच्यांना ते बघायचंच असतं. रातोमिर जिन्यातल्या बोर्डाशी गेला, खटका पाडला आणि तिथूनच ओरडला, "बंद केलं, कुम! हात घाल बिनघोर."

झिवादिननं मीटर काढला. वायरी ओढून बघितल्या.

रातोमिर दारात येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर हसू होतं, पण जरा ताणलेलं. "मी म्हणालो ना बंद केलं म्हणून."

"ऐकलं की."

"मग? कुमाचा शब्द मीटरनं तपासणार?"

मागं कुणीतरी घसा खाकरला. खरं सांगायचं तर आमच्याकडे ही गोष्ट करत नाहीत. कुमाच्या शब्दावर मोजमाप म्हणजे त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडणं. दुसरा कुणी असता तर त्यानं मीटर परत पिशवीत टाकून सरळ हात घातला असता. आणि दुसरा कुणी असता तर मेला असता.

झिवादिन शेजारच्या खोलीतल्या प्लगकडे गेला. दोनशे एकतीस. परत येऊन गिझरचं झाकण काढलं, काळी काडी लावली, मग लाल.

दोनशे एकोणतीस.

इथं झिवादिनला दोन रस्ते होते. एक म्हणजे हळूच म्हणायचं, "कुम, मेन पण पाड रे, मला आपली सवय." कुणाला काही कळलं नसतं. रातोमिरनं मेन पाडला असता, नंतर एकांतात दोघांनी बोर्ड उघडला असता, वरच्या आणि खालच्या गिझरच्या खटक्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय हे बघितलं असतं, आणि एकमेकांना शिव्या घालून प्याले असते.

पण झिवादिनच्या पोटात राकिया होती, मागं माणसं होती, आणि ते खुपणं होतं. त्यानं मीटर उंच धरला, सगळ्यांना आकडा दिसेल असा.

"बघा रे बघा! माझ्या कुमाचा शब्द! दोनशे एकोणतीस व्होल्ट! तिकडे व्हिएन्नात यालाच बंद म्हणतात वाटतं!"

न्हाणीघर हसण्यानं भरून गेलं. जिन्यात उभे होते त्यांना दिसलं नव्हतं, ते विचारायला लागले काय झालं, आणि आकडा तोंडातोंडी खाली तंबूपर्यंत गेला. तुताऱ्यावाल्यांनी उगीचच एक सलामी वाजवली. रातोमिरही हसला. पण त्याचे कान लाल झाले होते, ते झिवादिनला दिसले. ते त्याला पुढं किती वर्षं दिसत राहिले ते विचारू नका.

रातोमिरनं जाऊन मेन पाडला. झिवादिननं रीतसर सगळं केलं. गिझर जास्त तापून आतलं बटण उडालं होतं, ते दाबलं, पाणी तापलं. विहिणीची अंघोळ झाली. निघताना रातोमिर रिवाजाप्रमाणं फाटकापर्यंत आला, वाटेचा पेला भरून दिला.

"सांभाळून जा, कुम," एवढंच म्हणाला.

गावाला नाव ठेवायला निमित्तच लागतं. आठवड्याच्या आत रातोमिरचं नाव दोनशे एकोणतीस झालं. "दोनशे एकोणतीस गेला का परत?" "दोनशे एकोणतीसच्या घरावर काय सिंह आहेत!" बेकरीत बुरेक घ्यायला गेला तेव्हा त्यानं हे आपल्या कानांनी ऐकलं, म्हणतात. झिवादिनलाही लोक सांगायचे, काय बोललास रे, काय बोललास, आणि सुरुवातीला, लपवण्यात काय अर्थ आहे, त्याला ते गोड वाटलं.

मग संत लुकाचा दिवस आला. झिवादिनच्या घरची स्लावा. ऑक्टोबर संपत आलेला, नवी वाइन उतरलेली, ल्युबिंका दोन दिवस चुलीशी. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण, आणि तिला आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो, ज्याला येता येत नाही तो कळवतो. बोलावणं धाडायचं म्हणजे घराचा अपमान. रातोमिर दर वर्षी व्हिएन्नाहून रात्रभर गाडी हाकत यायचा, दारातच ओरडायचा, "उठा रे, सार्मा थंड होतोय!" आणि देवाच्या फोटोशेजारच्या खुर्चीवर बसायचा.

त्या वर्षी खुर्ची रिकामी राहिली. फोनही आला नाही.

"सुट्टी मिळाली नसेल," ल्युबिंका म्हणाली.

पुढच्या वर्षीही रिकामी. ल्युबिंका तेव्हा सुट्टीचं बोलली नाही. "झिको, फोन कर त्याला."

"स्लावाला बोलावतात का कुणी?"

"स्लावाला नको बोलावूस. माफी मागायला फोन कर."

"कसली माफी? मी मोजलं नसतं तर आज माझ्या कबरीवर मेणबत्त्या लावत बसली असतीस. चूक त्याच्या खटक्याची होती. मी बरोबर होतो."

"बरोबर होतास रे," ल्युबिंका म्हणाली. "बरोबर नव्हतास असं कोण म्हणतंय?"

खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. लाजेला त्यानं रिवाजाचं नाव दिलं आणि त्याच्या मागं लपून बसला. वर्षामागून वर्षं गेली. दर स्लावाला ती खुर्ची मांडली जायची, त्यावर कुणी बसायला लागलं की झिवादिन म्हणायचा, "ती नको, तिचा पाय हलतो." खुर्चीचे चारी पाय धड होते. अंगणात गाडीचा आवाज आला की त्याचे डोळे दाराकडे जायचे, आणि ल्युबिंका त्याच्याकडे न बघता ताटं मांडत राहायची. येलिकाला हाक मारतानासुद्धा कधी कधी त्याचा आवाज अडखळायचा.

त्यानं मनाशी ठरवून टाकलं, संपलं. तिकडून आवाज नाही, म्हणजे तिकडे काही उरलं नाही. शून्य दिसलं आणि त्यानं ते मानलं. आपणच मेलेलो असू का, हे त्याच्या मनातही आलं नाही.

एकदा मात्र वेळ आली होती. ऑगस्ट होता, बाजारात कलिंगडांचे ढीग लागले होते. झिवादिन एक कलिंगड कानाशी धरून बोटानं ठोकत होता, तोच समोर रातोमिर. केस पिकलेले, बारीक झालेला. दोघंही दचकले.

"कसं काय, कुम?"

"चाललंय. तुझं?"

"चाललंय." रातोमिरनं उगीचच एक कलिंगड उचललं, परत ठेवलं. "वरचा दिवा लुकलुकतो रे माझा. वरच्या खोलीतला. दोन वर्षं झाली."

झिवादिनच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? न्यूट्रल ढिला असेल, आग लागायची, आजच्या आज बघायला हवं. पण तोंडानं त्याच्या आधी धाव घेतली. इतकी वर्षं साठलेला रुसवा होता, तो आधी बाहेर पडला.

"मग व्हिएन्नाहून आण की एखादा बडा मायस्तोर."

रातोमिरनं मान हलवली, एकदाच. "खरंय," तो म्हणाला. "राहू दे. दिवा काय, चालतो तसा." आणि कलिंगड न घेताच निघून गेला.

त्या संध्याकाळी झिवादिननं पिशवी गाडीत ठेवली, किल्ली लावली, आणि गाडी सुरूच केली नाही. बसून राहिला. मग ल्युबिंकानं जेवायला हाक मारली तेव्हा घरात आला. उद्या जाऊ, म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी, स्वतःच टोमणा मारून बसल्यावर, त्याला जायला काही सबब सापडेना, आणि आठवडाभरात रातोमिर परत गेला.

पुढच्या एप्रिलमध्ये रातोमिर व्हिएन्नातच वारला. हृदयाचा झटका. गावी आणून पुरला, आमच्या लोकांना शेवटी हीच माती लागते. झिवादिन कबरीशी टोपी काढून उभा होता. त्याच्या मागं उभा असलेला कुणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "गेला बिचारा दोनशे एकोणतीस." वाईट मनानं नाही, आपलं सवयीनं. झिवादिननं वळून बघितलं नाही. कुम गेला होता, पण न्हाणीघरात त्यानं हात उंच करून दिलेलं ते नाव मागं जिवंत होतं.

रातोमिरच्या मृत्यूनंतरच्या सहाव्या महिन्याच्या प्रार्थनेसाठी स्पासेनिया ऑक्टोबरात परत आली. तिनं फोन केला.

"कुम, मी घर बंद करून चाललेय. थंडीत गिझरमधलं पाणी गोठून टाक्या फुटायच्या. रिकाम्या करून देशील?"

"येतो," झिवादिन म्हणाला. तिनं फोन ठेवला.

फाटकावरचे सिंह शेवाळले होते. स्पासेनिया काळ्या कपड्यांत दारात उभी होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. मग तो म्हणाला, "आधी वरचा दिवा बघतो. ते एक राहिलंय माझ्याकडे."

ती काहीतरी विचारणार होती, पण तो जिना चढायलाही लागला होता.

जिन्यातला बोर्ड उघडला आणि त्याला धक्काच बसला. सगळं नव्यानं केलेलं. तारा ओळीनं, एकही वेडीवाकडी नाही. प्रत्येक खटक्याखाली रातोमिरच्या मोठ्या, शाळकरी अक्षरात चिठ्ठी. वरचा गिझर. खालचा गिझर. दोन्हींची अदलाबदल नाहीशी झालेली. झिवादिननं मोजून बघितलं, एकेक चिठ्ठी खरी निघाली.

मग त्यानं दिवे धरले. मेन पाडून, रीतसर मोजून, प्रत्येक दिव्याचं झाकण उतरवलं, प्रत्येक स्क्रू पेचकसानं चाचपला. एकही हलला नाही. मेन चढवून सगळे दिवे लावले आणि मान वर करून खोलीच्या मधोमध उभा राहिला. मान अवघडली तरी उभा राहिला. एकही दिवा लुकलुकला नाही.

"कुमा," त्यानं खाली वाकून हाक मारली, कुमाच्या बायकोला आमच्याकडे तसंच म्हणतात. "कुठला दिवा लुकलुकतो ते सांग बरं. मला तर दोष सापडत नाही."

स्पासेनिया चादरींच्या घड्या घेऊन वर आली. "कुठला दिवा?"

"रातोमिर म्हणाला होता. बाजारात. वरच्या खोलीतला म्हणाला."

तिनं चादरी पलंगावर ठेवल्या आणि स्वतःही बसली.

"तो दिवा होय," ती म्हणाली. "तो कधी लुकलुकलाच नाही, कुम. व्हिएन्ना सोडल्यापासून घोकत होता माणूस. हंगेरी ओलांडली तरी आपलं चालूच. 'आधी कसं काय म्हणेन. मग म्हणेन, वरचा दिवा लुकलुकतो. दिवा लुकलुकतोय ऐकून घरी बसणाऱ्यातला नाही तो. मीटर घेऊन येईल, सगळं उघडून बघेल, काही सापडणार नाही, शिव्या घालेल. तेवढ्यात मी बाटली काढतो.' बाटली फ्रिजात टाकूनच बाजारात गेला होता."

"मग?" झिवादिननं विचारलं. त्याला माहीत असूनही विचारलं.

"मग काय. आला, आणि म्हणाला, बाटली ठेव कपाटात."

झिवादिन भिंतीला टेकला. "मी गाडीत बसलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "पिशवी घेऊन बसलो होतो, कुमा. किल्ली लावली होती." हे ऐकून तिला काय उपयोग होता? पण दुसरं देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

तिनं डोळे पुसले आणि उठली. "चल, गिझर कर. अंधार पडायच्या आत मला कुलूप लावायचंय." ती स्वतःच बोर्डाशी गेली, मेनचा खटका पाडला, आणि म्हणाली, "बंद केलं, कुम."

झिवादिन न्हाणीघराच्या दारात थांबला. तेच दार, तोच गिझर. मीटर हातात होता आणि हात उचलेना.

स्पासेनियानं त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. "मोज की. मोजण्याचा राग त्याला कधीच नव्हता. तिकडे कामावरच्या माणसांना सांगायचा, माझा कुम तीनदा मोजतो, तुम्ही निदान एकदा तरी मोजा. तू हसवलंस ना सगळ्यांना, ते लागलं होतं त्याला."

झिवादिन बोर्डाशी आला, डावा हात खिशात घातला, मेनच्या वरच्या टोकाला मोजलं. जिवंत. मग गिझरवर. शून्य. मग दुखरा गुडघा ओढत परत बोर्डाशी. जिवंत. स्पासेनिया सगळं बघत उभी होती.

"बंद आहे, कुमा," तो हळू आवाजात म्हणाला. "तू म्हणालीस तसंच."

हेच त्या दिवशी असंच, हळू आवाजात बोलायला हवं होतं. टाक्या रिकाम्या होईपर्यंत दोघं पाण्याचा आवाज ऐकत बसले. निघताना तिनं कपाटातून बाटली काढली, अजून फोडलेली नव्हती. दोन पेले भरले, आणि आमच्यात मेलेल्यांसाठी करतात तसं जमिनीवर आधी थोडं सांडलं. प्यायले. झिवादिन फाटकापर्यंत गेला आणि परत वळला.

"आठ दिवसांनी लुकाचा दिवस आहे," तो म्हणाला. "जाणं तेवढं पुढं ढकल. घरी ये, कुमा. त्याच्या खुर्चीवर बस."

"स्लावाला बोलावतात का कुणी?"

"मी बोलावतोय."

स्पासेनिया किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभी होती. ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच झिवादिनला ते ऐकवेना.

"बोलावता येत होतं तर मग," ती म्हणाली, आणि दाराला कुलूप लावायला वळली.